आठव्या ठाणाची भिंत

१

“…भिंत बार्टलीनंच घातली. घोडी आत उभी असताना. आणि तेव्हापासून रोज सकाळी तो—”

एवढंच माझ्या कानावर पडलं. दुकानाच्या दारावरची घंटी किणकिणली, मी आत शिरले, आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या दोघी एकदम कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात यावर बोलायला लागल्या. मी लोणी घेतलं, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले, दोनदा बार्टलीचं नाव सहज आल्यासारखं मध्ये पेरून पाहिलं. एक शब्द नाही. मला, डेलिया गकियनला, सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं, असं आमच्या वस्तीत म्हणतात, आणि ते खोटं नाही. पण अर्धी बातमी घेऊन घरी जायचं म्हणजे बुटात खडा घेऊन चालायचं. माझ्याच्यानं होत नाही.

त्यातून बार्टली फीरिक माझा सख्खा शेजारी. माझ्या मागच्या दारात उभं राहिलं की त्यांचा सगळा चौक दिसतो. चौक म्हणजे नॉकडॅराच्या मेजरच्या मोठ्या घराचे तबेले. घर एकवीस साली इंग्रजांशी चाललेल्या लढाईत आमच्याच पोरांनी जाळलं. आता चार भिंती उरल्यात, धुराड्यांत कावळे आणि जिन्याच्या जागी झाड. तबेल्यांना मात्र झळ लागली नाही. पोरांनी आधी घोडे सोडले आणि मग काडी लावली, असं अजून अभिमानानं सांगतात. घडीव दगडाची कमान, वर घड्याळाचा मनोरा, खाली फरसबंदी आणि तिन्ही बाजूंना मिळून घोडे बांधायची आठ ठाणं. माझी सासू म्हणायची, मेजरच्या घोड्यांच्या डोक्यावर स्लेटचं छप्पर होतं तेव्हा आपल्या डोक्यावर गवताचं होतं.

पुढे मेजरची जमीन वाटली गेली तेव्हा तो चौक बार्टलीला मिळाला, कारण घोड्यांची निगा राखणारा तिथला मोतद्दार तोच होता. आता त्याचा मुलगा अल्टन आणि सून रोझलीन वरच्या मोतद्दारांच्या खोल्यांत राहत होते. खोगीरखोलीचं त्यांनी स्वयंपाकघर केलं होतं. खाली ठाणांमध्ये गायी, जळणाचं पीट, बटाटे, सायकल.

सातच ठाणांत. आठव्याला दार नव्हतं. दाराच्या जागी भिंत होती. मी लग्न होऊन इथे आले तीस साली, तेव्हापासून ती तशीच होती, म्हणून तिच्याबद्दल कधी विचारायचं सुचलंच नाही. मला सुचलं नाही. यावर माझा माझाच विश्वास बसत नाही.

२

त्याच आठवड्यात रोझलीन आली. आमच्याकडे फादर वर्षातून दोनदा वस्तीतल्या एकेका घरी येऊन मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची प्रार्थना, करतात, आणि या वेळी फीरिकांचा नंबर होता. घरमिस्सा म्हटलं की घरापासून गोठ्यापर्यंत सगळं चुन्यानं पांढरं झालं पाहिजे. एक कोपरा राहिला तर पुढची दहा वर्षं त्या कोपऱ्यावरून नावं ठेवतात. रोझलीनला मदतीला माणूस हवं होतं. मी कुंचला घेऊन तयारच होते.

पण तिचं खरं काम वेगळंच निघालं. चहा ओतला तशी ती रडायला लागली. अल्टननं फादर गिलूलींशी बोलून ठेवलं होतं. मिस्सा झाली, न्याहारी झाली, की फादर बार्टलीशी दोन शब्द बोलणार आणि त्याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्यांना वाटलं तर चिठ्ठी देणार. म्हाताऱ्याला निराधारगृहात धाडायचं. फादरांची चिठ्ठी असली की तिथे पुढे काही विचारत नाहीत.

निराधारगृह म्हणजे काय ते आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. मोठ्या दुष्काळात लोक तिथे मरायला जात. नाव बदललं, भिंती त्याच आहेत. माझ्या ओळखीचं एक माणूस त्या फाटकातून चालत बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही.

मी विचारलं, त्यानं असं केलं तरी काय. रोझलीन म्हणाली, तो रोज सकाळी आठव्या ठाणाच्या भिंतीशी अर्धी बादली ओट, घोड्याचा दाणा, ठेवतो आणि तिच्याशी बोलतो. बस, एवढंच. बाकी सगळं चोख. गायीच्या धारा काढतो, वर्तमानपत्र वाचतो, रोझलीनसाठी विहिरीवरून पाणी आणतो.

“मला त्याचा काडीचा त्रास नाही, डेलिया,” ती म्हणाली. “माझ्या स्वतःच्या बापानं मला इतकं जपलं नाही. पण अल्टनला लाज वाटते. परवा जत्रेत कोणीतरी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, काय रे, भिंत व्यायली का?”

मला हसू आलं, आणि आलं म्हणून वाईट वाटलं. मी तिचा हात धरून सांगितलं की मी तिथे असणार आहे, मी म्हाताऱ्याची बाजू घेईन. मनापासून सांगितलं होतं.

३

दोन दिवस आम्ही चुना लावला. मार्च महिना, कोरडा वारा, स्वच्छ ऊन. बार्टलीनं स्वतः चुना विरवला, त्यात मीठ घातलं, आणि माझ्यामागून फिरत कुठे पातळ लागलाय ते दाखवत राहिला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण नजर घारीची. मी बोलत होते, तो हूं हूं करत होता. मध्येच म्हणाला, “पोरी, तुझ्या तोंडाएवढा तुझा कुंचला चालला असता तर कालच संपलं असतं.” मला पन्नास वर्षं झाली, पोरी म्हणणारं माझ्या आयुष्यात तोच एक उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ओट आणले. माझ्यासमोरच भिंतीच्या पायाशी ओतले, अगदी नीट, ढीग करून, आणि हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, पण लपवलंही नाही. मी म्हटलं, उंदीर खात असतील. तो म्हणाला, कोणी खात नाही. संध्याकाळी झाडून गायीला घालतो. मग रोज ठेवायचे कशाला, तर म्हणाला, नाही ठेवले की अस्वस्थ होते.

तो गेला आणि मी भिंतीला कुंचला लावला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की चौकातल्या कोंबड्या तिथे येत नाहीयेत. पाच कोंबड्या फरशीच्या फटींत चोची मारत फिरत होत्या आणि चार हातांवर उघड्यावर ओट पडले होते. एकीनंही तिकडे मान वळवली नाही.

दुपारपर्यंत सगळा चौक वाळून पांढराफेक झाला. आठव्या ठाणाची भिंतही वाळली, फक्त एक जागा सोडून. माझ्या छातीच्या उंचीवर, थाळीएवढी. तिथे चुना राखाडीच राहिला. मी दुसरा हात दिला, तिसरा दिला. आजूबाजूचं वाळलं, ते वाळेना. ओल असेल म्हणून मी तिथे तळवा टेकवला.

भिंत कोमट होती. आणि ती सारखी कोमट नव्हती. ऊब येत होती आणि जात होती. येताना बोटांना दमटपणा लागायचा, जाताना गार व्हायचं. सावकाश, एकसारखं. ज्यानं लहानपणापासून गोठ्यात झोप काढली आहे त्याला ते ओळखायला डोळ्यांची गरज पडत नाही.

आमच्याकडे दुसऱ्याचं जनावर दिसलं की सगळ्यात आधी “देव राखो हिला” म्हणायचं असतं. नाही म्हटलं आणि जनावराला काही झालं तर नजर तुमची. चालायला लागण्याआधी आम्ही ते शिकतो. पाय घसरला की हात जसा पुढे येतो तसं ते तोंडातून येतं. भिंतीला, दगडाला, खुंटीला कोणी असं म्हणत नाही. जिवंत जनावरालाच म्हणतात.

“देव राखो हिला,” मी म्हणाले. मोठ्यानं.

मागे वळले तर बार्टली कमानीत उभा होता. त्यानं टोपी काढली होती. तो हसला, फार वर्षांनी कोणीतरी आपल्या भाषेत बोललं तर माणूस हसेल तसा.

४

मी मूर्ख नाही. शाळा सहावीत सुटली, पण चार आणि चार आठ मला कळतात. घरी जायच्या आधी मी तबेल्याच्या मागून फेरी मारून आले. मागे शेणाचा ढीग असला तर भिंत तापते. ढीग नव्हता, आठव्या ठाणाची मागची बाजू टेकडीतच गेलेली आहे. धुराड्याची नळी? स्वयंपाकघर चौकाच्या दुसऱ्या टोकाला. ऊन? ती भिंत उत्तरेला तोंड करून आहे. मग मी ठरवलं की माझ्याच हाताची नाडी मला लागत होती. कष्टानं रक्त चढलं होतं. हे मला पटलं. तासभर तरी पटलं.

मिस्सेला वस्तीतली सगळी माणसं आली. खोगीरखोलीत टेबलावर पांढरं कापड, मेणबत्त्या, गुडघे टेकायला गोणपाटं. सगळं छान झालं. न्याहारीला फादरांना दोन उकडलेली अंडी आणि सोन्याच्या काठाचा कप दिला, तो माझाच होता. मग माणसं पांगली आणि अल्टननं बापाला बाहेर चौकात आणलं. फादर, अल्टन, रोझलीन, मी. मी कप धुवायच्या निमित्तानं थांबले होते.

फादर चांगले माणूस आहेत. त्यांनी मऊ आवाजात विचारलं की बार्टली, त्या भिंतीआड काय आहे असं तुला वाटतं? बार्टली म्हणाला, दिसलेलं नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. पण काहीतरी उभं आहे. अल्टननं मान खाली घातली. फादरांनी सुस्कारा सोडला.

तेव्हा बार्टली माझ्याकडे वळला. “डेलियाला विचारा,” तो म्हणाला. “काल तिनं हात लावला. तिनं आशीर्वाद दिला.”

तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. माझ्या हातात फादरांचा कप होता. मला आठवतं, त्याच्या तळाशी चहाची पानं होती आणि मी ती मोजल्यासारखी पाहत होते. जन्मभर नको तिथे बोललेली बाई मी. एक शब्द बोलायचा होता. पण मनात आलं, आज भिंतीला आशीर्वाद दिला असं म्हटलं की संध्याकाळी सगळ्या वस्तीत दोन वेडे होतील. मला चार घरचं बोलायची सवय होती. चार घरांनी माझं बोलावं याची नव्हती.

“ओल आहे हो फादर,” मी म्हणाले. “जुनी भिंत आहे. बाकी मला नाही आठवत.”

बार्टलीनं वाद घातला नाही. तो रागावलाही नाही. सकाळपासून ठेवलेल्या ओटांकडे गेला आणि ते हातानं जरा नीट केले. फादरांनी खिशातून पेन काढलं.

५

सोमवारी त्याला नेलं. जाताना एवढंच म्हणाला की घरी कधी येऊ. मी म्हटलं, लवकर.

त्यानंतर ओट कोणी ठेवले नाहीत. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवसापासून मी मागच्या दारात कपडे वाळत घालताना मला ऐकू यायला लागलं. ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग ठक्. कंटाळलेला घोडा पुढचा पाय फरशीवर आपटतो ना, तसं. भर दुपारी. गायी कुरणात होत्या. मी कपड्यांचे चिमटे तोंडात धरून उभी राहायचे आणि स्वतःला सांगायचे, कुठलं तरी दार वाऱ्यानं आपटतंय. वारा नसायचा.

रोझलीननं ऐकलं का, हे मी विचारलं नाही. ती दिवसेंदिवस माझ्याकडेच येऊन बसायला लागली, विणकाम घेऊन, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या शनिवारी अल्टन पहार घेऊन आला. म्हणाला, बस झालं. ठाण उघडतो, वासरांना जागा होईल आणि लोकांची तोंडंही बंद होतील. मी कुंपणावरून पाहिलं आणि तशीच पलीकडे गेले. रोझलीन स्वयंपाकघराच्या दारात थांबली, पुढे आली नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. त्यानं वरच्या ओळीतला एक दगड सैल केला, मग दुसरा, मग तिसरा. भोक टोपलीएवढं झालं तेव्हा आतून हवा बाहेर आली. सदतीस वर्षं बंद असलेल्या जागेचा वास कुबट असायला हवा. तो कुबट नव्हता. ताजा पेंढा, घाम, चामडं. अल्टनचा हात पहारीवर थांबला. त्याला वास आला, हे मी शपथेवर सांगते.

मी पुढे वाकले. मी पुढे वाकणार नाही तर कोण वाकणार. उजेडाची एक तिरीप आत गेली होती आणि तिच्यात चुन्याची धूळ तरंगत होती. त्या धुळीमागे मला एक कूस दिसली. पूर्ण जनावर नाही, डोकं नाही, पाय नाहीत. भाकरीच्या परातीएवढा कुशीचा भाग, फिकट. त्यावर माशी बसावी तशी कातडी एकदा थरथरली. मग वजन या पायावरून त्या पायावर गेल्यासारखी ती खाली झाली आणि तिरिपीतून सरकली.

माझे ओठ हलले. पण तो आशीर्वाद मी गिळला. फादरांसमोर जे नाकारलं ते आता अल्टनसमोर कसं म्हणायचं.

त्यानं चार घावांत उरलेली भिंत पाडली. आत काही नव्हतं. हाडं नाहीत, नाल नाही, केस नाही. कोरडी फरशी आणि रिकामी गव्हाण. फक्त पाडलेल्या भिंतीतला एक दगड अल्टननं उचलून उलटा केला आणि बराच वेळ हातात धरला. आतल्या बाजूनं तो खोलगट आणि गुळगुळीत झाला होता, संतांचं दगडी पाऊल लोकांनी चुंबून चुंबून होतं तसा.

६

त्या संध्याकाळी मी अल्टनला सगळं सांगितलं. कोमट भिंत, आशीर्वाद, फादरांसमोरचं खोटं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं. तुम्ही गप्प बसलात तेव्हाच वाटलं होतं.” दुसऱ्याच दिवशी त्यानं फादरांकडून बापाला सोडायची चिठ्ठी आणली, कोणाची तरी मोटार मागून घेतली, आणि आम्ही निघालो. रोझलीननं घरी खोली झाडून बिछान्यात गरम पाण्याची बाटली ठेवली.

अल्टनची वर यायची हिंमत होईना. म्हणाला, आधी तुम्ही जा.

लांब खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा. बार्टली कोट घालून बसला होता. त्याला कोणीतरी निरोप दिला होता. पिशवी भरून मांडीवर ठेवली होती. दोन आठवड्यांत त्याची मान बारीक झाली होती. मी खाटेवर बसले, त्याचा हात धरला आणि माफी मागितली. तो म्हणाला, जाऊ दे, पोरी. घरी चाललोय ना.

मग मी त्याला दुकानात ऐकलेलं विचारलं. राहवलं नाही. घोडी आत असताना भिंत घातलीस का?

“भिंत मी घातली,” तो म्हणाला. “घोडी नव्हती आत. आगीनंतर चौथ्या दिवशी मी स्वतः तिला बोटीवर चढवून दिली, मेजरकडे, इंग्लंडला. परत आलो तर तिच्या ठाणात पाय आपटल्याचा आवाज. जाऊन पाहिलं, काही नाही. आठ दिवस ऐकलं. मग बंद केलं. मला वाटलं, या जागेवर जीव होता तिचा, काहीतरी मागे राहिलं असेल. तिला हाकलून कुठे देणार? दोन मुठी ओटांनी शांत राहते तर राहू दे.”

बोलताना त्याचा चेहरा असा मऊ झाला होता की मला भरून आलं. याला खूश करावं असं वाटलं. भिंत पाडल्याचं मी सांगितलं, आणि तो दचकायच्या आत घाईनं म्हटलं, “आणि बार्टली, मी तिला पाहिलं. क्षणभर. तू खरं सांगत होतास.”

त्याची बोटं माझ्या हातावर आवळली. “कशी होती?”

“सगळी नाही दिसली. नुसती कूस. फिकट होती, पांढुरकी, वाळलेल्या गवताच्या रंगाची.”

तो माझ्याकडे पाहत राहिला.

“चुन्याची धूळ असेल,” मी म्हटलं.

“धूळ वर बसली होती? की रंगच तसा?”

मी आठवायचा प्रयत्न केला. खोटं बोलायचं नाही असं ठरवून आले होते. “रंगच तसा,” मी म्हणाले.

“ती काळी होती,” बार्टली म्हणाला. “नाकापासून शेपटीपर्यंत. एक पांढरा केस नव्हता तिच्यावर. मी तीन वर्षं खरारा केलाय तिला.”

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं. बार्टलीनं माझा हात सोडला. बराच वेळ तो आपल्या तळहातांकडे पाहत होता, रोज ओट ओतलेल्या, भिंतीवरून फिरवलेल्या त्या हातांकडे. मग त्यानं पिशवी उघडली. दाढीचा वस्तरा काढला आणि खाटेशेजारच्या फळीवर ठेवला. चष्म्याची डबी ठेवली. जपमाळ उशीखाली सरकवली. कोटाची बटणं एकेक करून सोडली.

“बार्टली, खाली गाडी उभी आहे,” मी म्हटलं. “रोझलीननं बिछाना घातलाय.”

“अल्टनला सांग,” तो म्हणाला, “इथलं सूप बरं असतं.”